फियाटची फिरती खुर्ची

महिन्याच्या शेवटच्या रविवारी सकाळची उपासना आटोपली की दया भिंगारदिवे कोल्हारहून नगरच्या दिशेने निघत असे आणि राहुरीच्या अलीकडे रस्त्याकडेच्या एका रसवंतीपाशी थांबत असे. रसवंतीच्या मागे चिंचेची झाडे होती आणि त्यांच्या सावलीत जुन्या गाड्यांची माणसे जमत. तीन अम्बॅसिडर, दोन फियाट, एक हेराल्ड आणि एक जीप, एवढाच त्या मंडळाचा पसारा होता. त्यांचा एक रिवाज होता. आल्याबरोबर कोणी कोणाला नमस्कार करत नसे. आधी प्रत्येकाने आपल्या गाडीचे बॉनेट उघडायचे आणि मगच तोंड उघडायचे. नव्या गाड्यांचे बॉनेट उघडले तर आत काळ्या प्लास्टिकचे झाकण दिसते आणि त्याखाली काय चालले आहे हे मालकाला कधीच कळत नाही, या गोष्टीचा त्या सर्वांना मनापासून राग होता. आपल्या गाडीत जे काही आहे ते डोळ्यांना दिसते आणि हाताला लागते, असे ते त्या उघड्या बॉनेटांतून सांगत असत. सहलीत कोणाची गाडी बंद पडली तर गॅरेजला फोन करायचा नाही, असाही नियम होता. मालकाने स्वतः दुरुस्ती करायची आणि बाकीच्यांनी कडेला बसून भेळ खात त्याची टिंगल करायची.

जानेवारीतल्या त्या रविवारी दया स्वतःच्या गाडीतून आली नाही. कोल्हारचा कांद्याचा व्यापारी वाल्मिक थोरात याच्या जीपमधून ती आली. तिची १९६८ सालची फियाट गेला आठवडाभर नगरला, मंडळाचे अध्यक्ष ज्ञानेश्वर काळोखे यांच्या शेडमध्ये होती. काळोखे तंत्रनिकेतनात यंत्र अभियांत्रिकी शिकवून निवृत्त झालेले. गाडीच्या नोंदणीची मुदत येत्या गुरुवारी संपत होती. तपासणीपूर्वी ब्रेक आणि कार्ब्युरेटर एकदा नीट पाहून देतो, असे त्यांनी आपण होऊन सांगितले होते आणि दयाने विश्वासाने किल्ली दिली होती.

काळोखे फियाट घेऊन आले तेव्हा चिंचांखालची माणसे उठून पुढे आली. गाडीचा फिकट हिरवा रंग पुन्हा झळकत होता. क्रोमच्या पट्ट्यांत झाडे दिसत होती. काळोख्यांनी बॉनेट उघडले आणि रिवाज पाळून झाल्यावर ते दयाकडे वळून म्हणाले, "आता आत बघा, दयाताई."

दयाने डाव्या बाजूचे दार उघडले. आत पुढच्या दोन खुर्च्यांच्या जागी एकसंध बाक बसवलेला होता. पिवळसर रेक्झिनचा, उभ्या शिवणींचा, गाडी कारखान्यातून बाहेर पडली तेव्हा होता अगदी तसा. काळोखे सांगत होते की हा बाक त्यांनी कोल्हापूरजवळच्या एका बंद पडलेल्या गॅरेजातून शोधून आणला, त्याच्या स्प्रिंगा बदलल्या, जुन्या छायाचित्रावरून शिवणींचे अंतर मोजून घेतले. माणसाने एखाद्याला त्याच्या आईचा हरवलेला दागिना परत करावा, तसे काहीतरी आपण केले आहे अशी त्यांची खात्री होती.

"माझ्या खुर्च्या कुठं आहेत?" दयाने विचारले.

त्या शेडमध्ये पोत्यात बांधून ठेवल्या आहेत, असे काळोखे म्हणाले. मग त्यांनी सगळा बेत सांगितला. गाडीला पन्नास वर्षे उलटली की तिची विंटेज म्हणून नोंद करता येते. साधी नोंद दर पाच वर्षांनी तपासणी करून नवी करावी लागते आणि जुन्या गाड्यांबद्दलचे नियम उद्या काय होतील हे कोणी सांगू शकत नाही. विंटेज नोंद झाली की गाडी भंगारात जाण्याची भीती संपली. मंडळाच्या साऱ्या गाड्यांची तशी नोंद करायची आणि फेब्रुवारीत नगरला होणाऱ्या प्रदर्शनात त्या एका रांगेत उभ्या करायच्या, असे त्यांनी ठरवले होते. त्या रांगेत सर्वांत पुढे दयाची फियाट असणार होती. तिचा अर्जही त्यांनी तयार ठेवला होता, फक्त सही राहिली होती.

दयाने शांतपणे ऐकून घेतले. विंटेज गाडी रोज रस्त्यावर चालवता येते का, एवढेच तिने विचारले. येत नाही, असे काळोख्यांनी प्रामाणिकपणे सांगितले. प्रदर्शनाला, मेळाव्याला, तेलपाण्याला न्यायची. रोजच्या कामासाठी न्यायची नाही.

"मग सोमवारी रंगुबाईला मी प्रदर्शनाला नेते असं सांगू का?"

वाल्मिक जीपला टेकून उभा होता. तो म्हणाला, "सर, तुमी गाडीला नवरी केली, पण सिस्टरला तिच्यात बसून बाजारात जायचंय." कोणीतरी हसले. काळोखे हसले नाहीत आणि दयाही हसली नाही.

रंगुबाई खर्डे दयाच्या शेजारी राहत असे. मधुमेहाने तिचा डावा पाय गुडघ्याखालून गेला होता आणि दोन्ही मूत्रपिंडे निकामी झाली होती. सोमवार, बुधवार आणि शुक्रवार असे आठवड्यातून तीनदा तिला डायलिसिससाठी लोणीला न्यावे लागे. दया चौतीस वर्षे परिचारिका होती. निवृत्तीनंतर तिने हे काम आपण होऊन अंगावर घेतले. रंगुबाईच्या मुलाकडे मोठी नवी गाडी होती, परंतु ती इतकी उंच होती की एका पायावरच्या म्हातारीला तिच्यात चढवणे म्हणजे पोते चढवणे होते. रिक्षात बसवले तर परतीच्या वाटेवर, अंगातले बळ गेलेले असताना, तिला धरून ठेवायला दुसरे माणूस लागे.

फियाट ठेंगणी होती. तरीही दारातून आत जाताना एका पायावर वळणे रंगुबाईला जमत नव्हते. तेव्हा दयाने कोल्हारच्या छगन लोहाराला गाठले. पुढचा बाक त्या वेळी कुजलेलाच होता. तो काढून छगनने बाकाच्याच जुन्या भोकांवर लोखंडी चौकट बसवली आणि चौकटीवर दोन सुट्या खुर्च्या. डावीकडची खुर्ची त्याने मळणीयंत्राच्या जुन्या बेअरिंगवर चढवली, त्यामुळे ती दाराकडे वळत असे. रंगुबाईने बाहेरूनच खुर्चीत बसायचे, दयाने खुर्ची पुढे वळवायची, खटका लागला की झाले. एवढे सगळे करूनही गाडीच्या मूळ पत्र्याला एकही नवे भोक पडले नव्हते. ही अट दयाने घातली होती आणि तिला तिचा अभिमान होता. ती गाडी तिच्या वडिलांची होती. मिशनच्या शाळेत मास्तर असलेल्या त्या माणसाने ती अठ्ठावीस वर्षे चालवली होती.

दोन्ही खुर्च्यांना कमरेचे पट्टेही होते. ते दयाच्या मुलामुळे आले होते. नोहा पुण्यात राहत असे. दोन वर्षांपूर्वी त्याची बायको जेनिफर चाकणच्या रस्त्यावर ट्रकवर आदळली आणि गाडीतल्या हवेच्या पिशव्या फुगल्या म्हणून वाचली. नोहाने त्यानंतर आईला साफ सांगितले की ती पत्र्याची डबी सोड. स्वतःची नवी गाडी त्याने महिनाभर कोल्हारला ठेवली. दयाने ती मन लावून चालवून पाहिली. जेनिफरचा जीव कशामुळे वाचला हे ती विसरली नव्हती आणि नव्या गाडीला उगाच नावे ठेवायला तिची जीभ रेटत नव्हती. परंतु उसाचे दिवस होते. लोणीच्या रस्त्यावर ट्रॉल्यांची रांग होती आणि प्रत्येक ट्रॉलीबाहेर ऊस हातभर लोंबत होता. गाडीला ते ऊस भिंतीसारखे दिसत. ती किंचाळे आणि दयाने पाय न लावता आपण होऊन ब्रेक मारी. मागून टेम्पोवाले शिव्या देत. रंगुबाई दोन्ही हातांनी डॅशबोर्ड धरून बसे. तिसऱ्या खेपेला तिने विचारले, "सिस्टर, ही गाडी कुनाचं ऐकती? तुजं का अजून कुनाचं?"

दयाने त्या गाडीतही फिरती खुर्ची बसवता येईल का याची चौकशी केली. खुर्चीच्या कडेतच हवेची पिशवी आहे, तिला कोणीही हात लावायचा नाही, असे उत्तर मिळाले. उत्तर बरोबरच होते. त्या गाडीत जे होते ते सगळे विचारपूर्वक ठेवलेले होते, परंतु एक पाय नसलेल्या बाईचा विचार त्यात नव्हता आणि तो नंतर घालायला जागाही नव्हती. महिना संपल्यावर दयाने किल्ली नोहाला परत दिली आणि फियाटला कमरेचे पट्टे बसवून घेतले. त्याच्या भीतीला ती एवढेच उत्तर देऊ शकत होती.

तेच पट्टे काळोख्यांनी काढले होते.

रविवारी दयाने बाकासकट गाडी घरी आणली. आठवडाभर रंगुबाईचे हाल झाले होते. दुसऱ्या दिवशी सकाळी डायलिसिसला जायचे होते म्हणून दयाने बाकावर प्रयत्न करून पाहिला. रंगुबाई कुबडीच्या आधाराने दाराशी आली, तिने उजवा पाय आत टाकला आणि तिचा तोल गेला. नवे रेक्झिन गुळगुळीत होते. ती बाकावरून घसरून दाराच्या चौकटीवर आपटली. दयाने तिला काखेत धरले म्हणून ती खाली पडली नाही. रंगुबाई काही वेळ तशीच लोंबकळत राहिली आणि मग म्हणाली की बाकडं लई देखणं हाय, पण ते देवळात ठेवा, मी काय ह्याच्यात बसत न्हाई. त्या दिवशी ती मुलाच्या गाडीतून गेली. मुलाने आणि सुनेने तिला उचलून चढवले. काचेतून दयाकडे न पाहता ती निघून गेली. उचलून नेले जाण्याची तिला लाज वाटत असे.

दयाने त्याच दिवशी नगर गाठले.

सावेडीत घरामागच्या शेडमध्ये काळोखे त्यांच्या अम्बॅसिडरखाली होते. दयाने आल्या आल्या खुर्च्या मागितल्या. ते गाडीखालून बाहेर आले, हात पुसत राहिले. राग येण्याऐवजी त्यांना वाईट वाटले होते आणि ते लपवणे त्यांना जमत नव्हते. त्यांनी मांडलेला मुद्दा खोटा नव्हता. बाक असलेली गाडी तपासणीत सहज पुढे जाईल. फिरती खुर्ची नोंदीत नाही, तिच्यावर आक्षेप येऊ शकतो आणि एकदा मुदत संपली की गाडी दारात उभी राहील. मग ना रंगुबाई, ना प्रदर्शन. निदान तपासणीपुरता तरी बाक राहू द्यावा, नंतर पुन्हा खुर्च्या बसवाव्यात, असे त्यांनी सुचवले.

"म्हणजे दाखवायची एक आणि चालवायची दुसरी," दया म्हणाली.

"सगळे करतात, ताई."

"सर, तुम्ही मला इतकी वर्षं ओळखता. ही गाडी मी साधी आहे म्हणून ठेवली. जुनी आहे म्हणून ठेवली असती तर कापडाखाली झाकून ठेवली असती. आपण त्या प्लास्टिकच्या झाकणांना हसतो ते कशासाठी? आपल्या गाडीत आपल्याला हात घालता येतो म्हणून. मी हात घातला, तर तुम्ही माझा हात पुसून टाकला."

 काळोख्यांनी कोपऱ्यातली पोती सोडली. खुर्च्यांना त्यांनी गंज लागू नये म्हणून तेल लावून ठेवले होते. दोघांनी मिळून बाकाचे बोल्ट सोडायला घेतले. काळोखे पाने देत होते, दया पाठीवर आडवी होऊन आत हात घालत होती. चौकट आणि पट्टे बसेपर्यंत दुपार झाली. खुर्ची दाराकडे वळली, परत फिरली, खटका वाजला. निघताना काळोखे म्हणाले की तपासणीला मीही येतो. विंटेजचा अर्ज बरोबर आणला तर चालेल का, असेही त्यांनी विचारले. आणा, पण माझी सही त्याच्यावर होणार नाही, असे दयाने सांगितले.

गुरुवार हा मुदतीचा शेवटचा दिवस होता. श्रीरामपूरच्या परिवहन कार्यालयाच्या आवारात नव्या चकचकीत गाड्यांच्या रांगेत हिरवी फियाट उभी राहिली तेव्हा लोक मोबाईल काढून तिची छायाचित्रे घेऊ लागले. तपासणी करणारी निरीक्षक रेश्मा तांबे नावाची तिशीतली मुलगी होती. तिने इंजिनाचा आणि चॅसीचा क्रमांक पाहिला, दिवे, भोंगा, धूर तपासला. मग तिने डावे दार उघडले आणि ती थांबली.

"हे काय आहे?"

दयाने खुर्ची वळवून दाखवली. कोणासाठी केली, का केली, हे सरळ सांगितले. काळोखे अर्जाची फाईल छातीशी धरून मागे उभे होते. रेश्माने त्यांच्याकडे पाहिले आणि ही गाडी तर विंटेज होऊ शकते, तुम्ही तसा अर्ज का करत नाही, असे दयाला विचारले. त्या प्रश्नात खवचटपणा नव्हता. तिला खरोखरच वाटले होते की यात या बाईचे हित आहे.

"मला ती रोज चालवायची आहे," दया म्हणाली.

"आजी, हिच्यात एअरबॅग नाही. डोक्याला टेकण नाही. स्टिअरिंगचा दांडा सरळ छातीकडे आहे."

"माहीत आहे. माझी सून एअरबॅगमुळे जिवंत आहे. मी ताशी चाळीसच्या पुढं जात नाही. नऊ किलोमीटर जाते आणि नऊ किलोमीटर येते. जिच्यासाठी जाते तिला दुसऱ्या कुठल्याही गाडीत स्वतःच्या पायानं बसता येत नाही. बाई, तुम्ही गाडी तपासा. ती नापास झाली तर मी घरी घेऊन जाईन. पण देखणी आहे म्हणून तिला कपाटात ठेवा, असं मला सांगू नका."

 रेश्माने सांगितले की अपंग व्यक्तीसाठी केलेला बदल नोंदवता येतो, पण तो सुरक्षित असला पाहिजे आणि ते मी बसून बघणार. ती त्या खुर्चीत बसली, तिने कमरेचा पट्टा लावला आणि आवाराच्या मागच्या रिकाम्या पट्ट्यावर गाडी घ्यायला सांगितली. पहिल्या सरळ ब्रेकला गाडी जागच्या जागी थांबली. खुर्ची हलली नाही. काळोख्यांचे ब्रेकवरचे काम चोख होते.

"आता वळताना," रेश्मा म्हणाली, "आणि जोरात."

दयाने गाडी उजवीकडे वळवली आणि ब्रेक दाबला. खटका निसटल्याचा आवाज झाला. खुर्ची गर्रकन दाराकडे फिरली आणि रेश्माचा गुडघा दारावर आपटला. पट्टा चौकटीला पक्का होता, त्याने तिला कमरेला धरून ठेवले. तिने दोन्ही हातांनी दाराची कड पकडली. गाडी थांबली.

रेश्माने पट्टा सोडला, बाहेर येऊन गुडघा चोळला आणि शांत आवाजात सांगितले की हे पास होणार नाही.

दया स्टिअरिंगवर हात ठेवून बसून राहिली. रंगुबाई या खुर्चीत वर्षभर बसली होती. लोणीच्या वळणावर कधी कुत्रे आडवे आले नाही, कधी ट्रॉली अचानक थांबली नाही, म्हणून ती शाबूत होती. छगनने तेव्हाच सांगितले होते की नुसत्या स्प्रिंगच्या खटक्यावर भरवसा नको, चौकटीतून खाली पत्र्यात जाणारी एक पिन हवी. मास्तरांच्या गाडीच्या पत्र्याला भोक पाडायचे नाही, असे म्हणून तिनेच ते नाकारले होते. काळोख्यांना ती शेडमध्ये जे बोलली होती ते तिला आता आठवले. गाडी साधी आहे, तिच्यात हात घालता येतो म्हणून ठेवली, असे ती म्हणाली होती आणि तरीही एका पत्र्याला तिने त्या बाईपेक्षा अधिक जपले होते.

ती खाली उतरली. आज किती वाजेपर्यंत तपासणी चालते, असे तिने विचारले. पाचपर्यंत, असे रेश्माने सांगितले.

"मग मी पाचच्या आत येते."

काळोखे पुढे झाले. त्यांच्या चेहऱ्यावर जिंकल्याची खूण नव्हती. विंटेजसाठी अजून वेळ आहे, आजच सही केलीत तर निदान गाडी वाचेल, असे ते हळूच म्हणाले.

"गाडी वाचवायची नाहीये, सर. ड्रिल कुठं मिळेल ते बघा."

कार्यालयासमोरच्या रस्त्यावर वेल्डिंगची दुकाने होती. त्यातल्या एका दुकानदाराने ड्रिल दिले, बोटाएवढी जाड पोलादी पिन दिली आणि काम आम्ही करून देतो असेही सांगितले. दयाने नको म्हटले. काळोख्यांनी कोट काढून फियाटच्या छपरावर ठेवला आणि ते रस्त्याच्या धुळीत गाडीखाली शिरले. खालून ब्रेकची नळी जात होती. ती कुठून जाते हे वरून दिसत नव्हते. त्यांनी खालूनच पत्र्यावर बोटाने टकटक केले.

"इथं नळी आहे, इथं नको. दोन बोटं दाराकडं," ते खालून म्हणाले.

दयाने खडूने खूण केली. पुन्हा टकटक आली. "हां. इथं."

तिने ड्रिल टेकवले आणि क्षणभर थांबली. पत्र्यावर तळाचा मूळ हिरवा रंग अजून शिल्लक होता. तो कोणी पुन्हा दिलेला नव्हता. काळोख्यांनी खालून विचारले, "पाडू का मी?" त्यांच्या आवाजावरून कळत होते की त्यांना ते जमणार नाही, तरी ते विचारत होते.

"मीच पाडते," दया म्हणाली आणि तिने बटण दाबले.

पत्रा किरकिरला. धातूचा बारीक कीस गोल गोल बाहेर येऊ लागला. अखेर टोक आरपार गेले आणि खालून काळोख्यांनी सांगितले की नळीला लागले नाही. मग त्यांनी खालच्या बाजूने जाड लोखंडी पट्टी लावून बोल्ट आवळायला घेतले. त्यासाठी पत्र्याला आणखी चार लहान भोके पडली. पिन चौकटीतून खाली गेली आणि पट्टीत घट्ट बसली. काळोखे बाहेर आले तेव्हा त्यांच्या पांढऱ्या केसांना ग्रीस लागले होते. त्यांनी वाकून पिन ओढून पाहिली, पुन्हा बसवली, पुन्हा ओढली.

"हिला साखळी लावा," ते म्हणाले. "नाहीतर रंगुबाई घरी घेऊन जाईल."

दया हसली. साखळी लावली.

चारच्या सुमारास गाडी पुन्हा मागच्या पट्ट्यावर आली. रेश्मा लंगडत होती, तरी त्याच खुर्चीत बसली. तिने पिन स्वतः बसवली. दयाने सरळ ब्रेक मारला, उजव्या वळणावर मारला, डाव्या वळणावर मारला. रेश्माने आणखी एकदा मारायला सांगितले आणि या वेळी गाडी वळणात असताना तिने दोन्ही पाय आपटून खुर्चीवर सगळा भार टाकला. खुर्ची जागची हलली नाही. गाडी थांबल्यावर तिने पिन काढली, खुर्ची वळवली आणि दोन्ही पाय जमिनीवर टेकले. उभे राहण्यापूर्वी ती तशीच थोडा वेळ बसली.

मग ती म्हणाली की गाडीची नोंद पाच वर्षांसाठी होईल आणि खुर्चीची नोंद अपंगांसाठीचा बदल म्हणून होईल. पिन लावल्याशिवाय या खुर्चीत कोणालाही बसवायचे नाही, असेही तिने बजावले. दयाने मान हलवली. गुडघ्याला बर्फ लावा, चालण्याने सूज वाढेल, असे रेश्माला सांगितल्याशिवाय तिला राहवले नाही.

काळोखे फाईल घेऊन फियाटला टेकून उभे होते. प्रदर्शनात सर्वांत पुढे आता कोणती गाडी ठेवायची याचा त्यांना पुन्हा विचार करावा लागणार होता. माझी अम्बॅसिडर ठेवतो, ती कुठे जात येत नाही, असे ते म्हणाले आणि आपण काय बोललो हे लक्षात येऊन त्यांनी फाईल काखेत मारली.

दयाने गाडीत बसून रंगुबाईला फोन लावला. उद्या सकाळी सातला तयार राहा, असे तिने सांगितले. रंगुबाईला आधी बाकडे काढले का हे हवे होते. काढले, असे दया म्हणाली. मग सरकारने खुर्ची मान्य केली का, हे तिने विचारले.

"केली. पण आधी केली नव्हती. खुर्ची चुकीची होती, रंगुबाई. जोरात ब्रेक मारला असता तर ती फिरली असती. आज दुरुस्त केली."

 पलीकडे म्हैस ओरडल्याचा आवाज आला.

"म्हंजे मी वरीसभर तशीच बसून येत हुते?"

"हो."

"आन तुला ठावं हुतं?"

"छगननं सांगितलं होतं. मी ऐकलं नाही."

 दयाने फोन कानाशी धरून ठेवला.

"बरं," रंगुबाई शेवटी म्हणाली. "सातला न्हाई जमायचं. सव्वासातला ये. मला आंगुळ करायची हाय."